ओल्या दगडावरचं मेण

देवीचा चेहरा प्रेमलाकाकूंच्या तळहातावर आला, तेव्हा तो कोमट होता.

मेण नुकतंच लावलेलं होतं, म्हणून कोमट. पण त्या क्षणी काकूंना हे सुचलं नाही. तापानं फणफणलेल्या माणसाचा गाल हाताला लागावा, तसा तो त्यांना लागला. कपाळ, दोन मिटलेसे डोळे, नथीसाठी भोक पाडलेलं नाक, किंचित पुढे आलेला खालचा ओठ, सगळं जसंच्या तसं, थालीपिठाएवढ्या जाडीचं, त्यांच्या हातात होतं. आणि समोर कोनाड्यात देवी बसलेली होती. तिच्या मुकुटाखाली आता फक्त ओलं, पांढरट, खरबरीत काहीतरी उरलं होतं. त्यातून वाळू गळत होती. रव्याच्या पिशवीला भोक पडावं तशी, अगदी आवाज न करता.

"आई," मागून त्यांची सून रुची म्हणाली, "हे काय झालं?"

घटस्थापना उद्यावर होती. उद्या सकाळी दूधविनायकाच्या गल्लीतल्या बायका ओट्या घेऊन याच कोनाड्यापुढे उभ्या राहणार होत्या.

काशीत वर्षभर माणसं गंगेकडे जातात, आणि श्रावण-भाद्रपदात गंगा माणसांकडे येते. पायरी पायरी चढत येते, घाटावर बसणाऱ्यांना छत्र्या उचलायला लावते, नावा घराच्या भिंतीला बांधायला लावते. राजा घाटाच्या एका अंगाला पायऱ्या जिथे उंच भिंतीला भिडतात, तिथे खालच्या बाजूला एक कोनाडा आहे आणि कोनाड्यात चुनारच्या तांबूस दगडाची, हातभर उंचीची ही देवी. पाणी चढलं की ती बुडते. काही वर्षी पंधरवडा, काही वर्षी महिना. गल्लीतल्या मराठी बायका तिला पाण्याखालची आई म्हणतात. ती बुडाली की "बुडाली" म्हणायचं नाही, "माहेरी गेली" म्हणायचं. पाणी ओसरलं की "आली".

तिची राखण प्रेमलाकाकूंच्या सासरी पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली. राखण म्हणजे काय, तर आल्यावर गाळ काढायचा, आणि अंगाला मेण लावायचं. सोनभद्रच्या डोंगरातून मधवाले मधमाश्यांची पोळी घेऊन येतात. मध पिळून उरलेलं पोळं ते स्वस्तात देऊन टाकतात. ते पाण्यात उकळायचं, फडक्यातून गाळायचं, आणि पातेलं गार झालं की वर पिवळी चकती तरंगते, ते मेण. त्यात चिमूटभर राळेची पूड आणि थोडं जवसाचं तेल. पातेल्यात पातेलं ठेवून मंद आचेवर वितळवायचं. घाई चालत नाही. घाईनं तापवलेलं मेण काळवंडतं आणि मग देवीचं अंगही काळवंडतं. नीट जमलं, तर दगडावर पाणी ओतून पाहावं. थेंब अळवाच्या पानावर धावतात तसे गालांवरून धावत जातात, आणि गाल कोरडेच राहतात.

काकू या घरात आल्या त्या पैनगंगेच्या काठच्या एका खेड्यातून, माहूरच्या बाजूच्या. त्यांच्या गावची देवी म्हणजे तांदळा, शेंदूर फासलेली वाटोळी शिळा. नाक नाही, डोळे नाहीत. काशीला आल्यावर पहिल्यांदा त्यांनी देवीला चेहरा पाहिला, आणि त्या चेहऱ्यावर त्यांचा जीव जडला. घरात सगळे अनोळखी होते, गल्ली हिंदी बोलत होती, आणि या दगडी बाईचा ओठ मात्र काहीतरी सांगायच्या बेतात असल्यासारखा. नवी सून दुपारी घागर घेऊन उतरायची आणि तासभर परतायची नाही.

सासूबाईंनी, सीताबाईंनी, ते ओळखलं होतं. त्यांच्या जिभेला धार होती. "तुमच्या गावच्या देवीला तोंड नाही ना गं," त्या म्हणायच्या, "म्हणून तू दोघींचं बोलतेस."

मेण लावायला काकू शिकल्या ते सीताबाईंकडूनच. पण सीताबाईंची एक खोड होती. पाणी ओसरलं, गाळ निघाला, की त्या देवीला हात लावू देत नसत. नवरात्र आलं तरी पायाशी फूल आणि कुंकू, बस्स. अंगाला मेण नाही, शेंदूर नाही, वस्त्रसुद्धा नाही. म्हणायच्या, "आई माहेराहून दमून आली आहे. तुळशीच्या लग्नापर्यंत तिला मोकळी बसू दे." मग तुळशीचं लग्न झालं, थंडी पडली, वारा कोरडा झाला, की एका उन्हाच्या दुपारी मेण. तेही इतकं पातळ की लावलं आहे हे बोट फिरवल्याशिवाय कळू नये.

काकूंना ते कधी पटलं नाही. ऐन नवरात्रात आई ओकीबोकी, आणि दिवाळी सरल्यावर तिचं न्हाणं? पण सासूपुढे कोण बोलणार.

सीताबाई गेल्या. त्यानंतरच्या पहिल्याच नवरात्रात पुण्याहून आलेल्या कुणा यात्रेकरू बाईनं कोनाड्यापुढे उभं राहून नाक मुरडलं. "अहो, काशीसारख्या ठिकाणी देवी अशी? कुणी बघत नाही का हिच्याकडे?" काकूंच्या काळजाला ते लागलं. दुसऱ्याच दिवशी शेगडी पेटली. गाळ काढून झाला होता, वरून दगड कोरडा दिसत होता. काकूंनी मेण लावलं, सढळ हातानं, आणि देवी अशी काही उजळली की घाटावरचे नाववालेसुद्धा वाकून पाहू लागले.

तेव्हापासून दरवर्षी तेच. पाणी ओसरलं की मेण. कालच्यावर आजचं, गेल्या वर्षीच्यावर या वर्षीचं. लोक फोटो काढत. पोरी गालावर पाणी ओतून थेंब कसे पळतात त्याचे व्हिडिओ करत. काकूंचं नाव "मेणवाली काकी" पडलं, आणि त्या नावानं कुणी हाक मारली की काकू मान जरा ताठ करून वळत. सीताबाईंच्या वेळी देवीला इतकी झळाळी कुठे होती!

यंदा पाणी दोनदा चढलं. एकदा ओसरलं, गाळ काढला, आणि पुन्हा आलं. दुसऱ्यांदा उतरलं तेव्हा नवरात्र दारात होतं. काकूंनी वाट पाहिली नाही. आज सकाळी रुचीनं शेगडी घेतली, काकूंनी पातेलं घेतलं, आणि दोघी उतरल्या. रुची बँकेत नोकरी करते, आज तिची सुट्टी होती. बनारसमध्येच वाढलेली मुलगी. तिच्या तोंडात मराठी आणि हिंदी एकाच ताटात वाढलेल्या असतात.

"आई, बस झालं ना आता. किती चमकवाल? लोग समझेंगे प्लॅस्टिकची आहे."

"तू निखारे फुंक. चमक माझ्यावर सोड."

"मला शिकवणार कधी?"

"तुझ्या हाताला थरथर आहे. सकाळ-संध्याकाळ मोबाईल धरून धरून."

काकूंनी कपड्याची पुरचुंडी मेणात बुडवली आणि डाव्या गालावर गोल फिरवली. तेवढ्यात बारीकसा आवाज झाला. तळायच्या आधी पापड मोडावा तसा. काकूंना वाटलं, निखारा तडकला. त्यांनी पुन्हा हात फिरवला, आणि पुरचुंडीखाली गाल हलला.

दगडाचा गाल हलतो, हे ज्याच्या हाताला कळलं त्यालाच कळलं. काकूंनी घाबरून दुसरा हात खाली धरला. चेहरा त्या हातात येऊन बसला. फुटला नाही, चिरफळला नाही. जणू तो कित्येक दिवस नुसता टेकूनच उभा होता आणि कुणीतरी हात पुढे करायची वाट पाहत होता.

"हे काय झालं?" रुचीनं पुन्हा विचारलं.

काकूंनी चेहरा उलटा केला. मागची बाजू ओली होती. भाद्रपदातली गंगा अजून तिथे होती. बाहेर ऊन पडलं होतं, घाट वाळून पांढरा झाला होता, आणि चेहऱ्याच्या पाठीमागे पाणी. पुढून मात्र गालांवर थेंबसुद्धा नव्हता.

"का भइल, काकी?" खालून आवाज आला. नावाडी झुल्लन साहनी पायरीशी आपली नाव धूत होता. काकूंनी झटकन पदर ओढला.

"काही नाही रे! तू आपलं काम कर!"

मग त्यांनी जे केलं, ते कुणीही केलं असतं. त्यांनी त्या खरबरीत जागी गरम मेण थापलं आणि चेहरा परत दाबून बसवला. दोन्ही हातांनी धरून ठेवला. श्वास रोखला. हात काढले.

बसला. देवी पुन्हा देवी झाली. फक्त कानशिलापाशी केसाएवढी रेघ.

"बसलं!" रुची कुजबुजली. "आई, बसलं. वर थोडा शेंदूर लावू, किसीको पता भी नहीं चलेगा."

काकूंच्या तोंडावर हसू येऊ लागलं, आणि तेवढ्यात देवीचा चेहरा खाली सरकला. हळूहळू. हनुवटी गळ्यावर आली, ओठ हनुवटीच्या जागी आले, डोळे गालांच्या जागी आले. काकूंनी तो झेलला, आणि यावेळी त्यांच्या तोंडून आवाज निघाला. रडण्याचा नव्हे. माणूस पायरी चुकल्यावर काढतो तसा. ओल्यावर मेण धरत नाही. पाण्याला दूर ठेवणं हे त्याचं काम, आणि ते त्यानं चोख केलं होतं.

त्यांनी रुचीकडून तिची ओढणी मागून घेतली, देवीला डोक्यापासून झाकलं, आणि चेहरा पदरात बांधून घरी आल्या.

वेणीमाधव, काकूंचे यजमान, दारातच खुर्ची टाकून वर्तमानपत्र वाचत होते. संस्कृतचे निवृत्त शिक्षक. कोनाड्यापुढचा घट दरवर्षी तेच बसवतात. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं.

"काय, आज पदर भरून आलात? आईनं सुनेला काही दिलं वाटतं!"

काकूंनी पदर सोडला.

वर्तमानपत्र खाली पडलं. वेणीमाधव उठले, पुन्हा बसले. त्यांनी हात पुढे केला आणि मागे घेतला. लहानपणापासून ज्या चेहऱ्याकडे मान वर करून पाहिलं, तो बायकोच्या पदरात, वर तोंड करून. आता त्यांना त्याच्याकडे खाली पाहावं लागत होतं. ते त्यांना सोसवेना.

"कुणी केलं?"

"मी."

"पडली?"

"नाही. सुटली. हातात सुटून आली."

मग ते बोलले ते शिक्षकासारखे. काळीज हललं की त्यांचा आवाज असा कोरडा होतो. "खंडित झाली. खंडित मूर्ती पूजेत ठेवता येत नाही. सकाळी घट बसायच्या आधी उचलावी लागेल. झुल्लनला सांगतो. नावेतून मधल्या धारेला नेऊ."

"अख्खी?"

"अख्खी."

"आणि कोनाडा?"

"मोकळा राहील."

काकू आत गेल्या. त्यांनी चेहरा तांब्याच्या ताटात ठेवला आणि ताट स्वयंपाकघराच्या खिडकीत, उन्हात. मग त्या भिंतीला टेकून बसल्या. रुचीनं चहा आणून ठेवला, तो निवून साय धरली. गल्लीतून सायकली गेल्या, गायी गेल्या, कुणाचं तरी लाडिक भांडण गेलं. काकूंच्या कानात फक्त तो पापडाचा आवाज होता.

दुपार कलली तेव्हा त्यांनी पाहिलं: चेहऱ्याच्या पाठीवर पांढरी लव उगवली होती. कापसासारखी, बारीक. सकाळी नव्हती. काकूंना काटा आला. त्यांनी बोट लावलं, लव बोटाला आली. त्यांनी बोट जिभेला लावलं.

खारट.

गंगेचं पाणी तर गोडं. मग हे मीठ कुठलं? काकू उठल्या, आणि उठता उठता त्यांची नजर फळीवरच्या बरण्यांवर गेली. लिंबाची, कैरीची, दादरे बांधलेल्या. बरणी उन्हात तापवून, पुसून, पुन्हा तापवून मगच लोणचं भरायचं, हे त्यांनी रुचीला किती वेळा सांगितलं होतं! थेंबभर ओल आत राहिली आणि वर चार बोटं तेलाचा थर दिला, तर तेल ती ओल बाहेर येऊ देत नाही. वरून बरणी लखलखते, आत बुरशी.

त्या तशाच उभ्या राहिल्या. मग मोठ्यानं म्हणाल्या, "अहो, इकडे या."

वेणीमाधव आले. रुचीही आली.

"दगड पाणी पितो," काकू म्हणाल्या. "महिनाभर बुडून बसते ती, पोटभर पिते. ते बाहेर यायला तिला उघडं राहावं लागतं. तुळशीच्या लग्नापर्यंत. मी दरवर्षी तिच्या तोंडावर झाकण लावलं. पाणी आतल्या आत, दगडातलं मीठ आतल्या आत. तिचं तोंड आतून सुटत गेलं, आणि मी वरून चमकवत राहिले." त्यांनी चेहऱ्याच्या पाठीवरून बोट फिरवलं. "सासूबाईंना माहीत होतं."

वेणीमाधव ताटाकडे पाहत होते. "आईला माहीत नव्हतं गं. तिला तिच्या सासूनं सांगितलं होतं, म्हणून ती करायची. माहीत असतं तर तुला सांगितलं नसतं का?"

"सांगितलंच होतं. दमून आली आहे म्हणाल्या. आणखी कसं सांगायचं?"



सकाळ झाली. काकू सगळ्यांच्या आधी खाली उतरल्या, आणि रुची गरम पाण्याची बादली घेऊन त्यांच्या मागून. गरम फडक्यानं दोघींनी देवीच्या अंगावरचं मेण उतरवलं. ते सालपटासारखं निघत होतं, थरावर थर, वर्षावर वर्ष. दोन ठिकाणी त्याच्याबरोबर दगडाची कातडीही आली. प्रत्येक वेळी रुचीनं डोळे मिटून घेतले, काकूंनी मिटले नाहीत.

मग बायका आल्या. कोनाड्यापुढे येऊन एकेक जण थांबली. ओट्या हातातच राहिल्या. कुणीतरी "अगं बाई" म्हटलं आणि मग तेही थांबलं. झुल्लनची नाव पायरीला लागलेली होती, आणि नाव का लागली आहे हे सगळ्यांना एकदमच कळलं.

"माझ्या हातानं झालं," काकू म्हणाल्या. "ओल्या अंगावर मेण लावत गेले. कुणाला काही म्हणायचं असेल तर मला म्हणा."

शेजारच्या नंदाताईंनी संधी सोडली नाही. "फोटो तेवढे छान आले हो दरवर्षी."

काकूंनी मान खाली घातली. ते बरोबरच होतं.

वेणीमाधवांनी उपरणं कमरेला बांधलं आणि ते पुढे झाले. झुल्लनही वर आला. देवीच्या दोन्ही बाजूंना हात घालून ते उचलणार, एवढ्यात काकू मध्ये येऊन उभ्या राहिल्या.

"थांबा. एक विचारते."

"आत्ता?"

"आत्ताच. आपलं लग्न कुठे लागलं?"

वेणीमाधव गोंधळले. "तुमच्या गावी. देवळात."

"कुणापुढे?"

त्यांनी कमरेच्या उपरण्याची गाठ चाचपली.

"तांदळ्यापुढे. तिला नाक होतं? डोळे होते? तोंड होतं? तुम्ही वाकून नमस्कार केलात. सासूबाईंनी तिची ओटी भरली. तेव्हा कुणी म्हणालं नाही, ही खंडित आहे." काकूंचा श्वास लागला होता. "तोंड नसलेली देवी खंडित असेल, तर आपलं लग्नही खंडित. मग मलाही बसवा त्या नावेत."

कुणीतरी बाई हसली आणि लगेच तिनं तोंडावर हात घेतला. झुल्लनला मराठी सगळी कळत नाही, पण त्यानं देवीवरचे हात काढून घेतले होते.

वेणीमाधव कितीतरी वेळ त्या मुकुटाकडे पाहत राहिले. मुकुटाखालचा दगड रात्रभरात थोडा वाळला होता. वाळू गळायची थांबली होती. ताजा, तांबूस, वाटोळासर दगड, कधी कुणी न पाहिलेला.

"जो सुटला," ते शेवटी म्हणाले, "तो चेहरा गंगेला दे. जी बसली आहे, ती बसू दे."

त्यांनी कमरेचं उपरणं सोडलं आणि घटाची माती मागितली.

चेहरा काकू स्वतः घेऊन गेल्या. झुल्लननं नाव मधल्या धारेला नेली. काकूंनी तो दोन्ही हातांनी पाण्यावर धरला. लाटेचं पाणी त्यावर आलं, आणि शेवटच्या मेणावरून थेंब पळाले, डोळ्यांच्या कडेनं, ओठाच्या कोपऱ्यातून, पहिल्यासारखे. गाल कोरडेच. काकूंना क्षणभर वाटलं, परत न्यावा. घरी ठेवावा, ताटात, कुणाला न सांगता. त्यांचे हात तसे मागे आलेसुद्धा.

मग त्यांनी तो उताणा न सोडता पालथा केला. लाट पुन्हा वर आली, उघड्या पाठीनं ते पाणी घटाघटा प्यायलं, आणि तो त्यांच्या बोटांतून गेला.

परत आल्या तेव्हा घट बसला होता. ओट्या देवीच्या अंगावर न चढवता, पायाशी ओळीनं मांडल्या होत्या. ते रुचीनं बायकांना सांगितलेलं दिसत होतं. नंदाताईंची ओटी मात्र तिथे नव्हती. त्या निघून गेल्या होत्या, आणि पुढेही काही दिवस त्या या वाटेनं यायच्या नव्हत्या.

"आई," रुची म्हणाली, "तुळशीच्या लग्नानंतर मेण लावायचं ना? पातळ?"

"तारखेवर नाही. हात लावून बघायचं."

"क्या देखना है?"

काकूंनी तिचा हात धरला आणि जिथे चेहरा होता तिथे, उघड्या दगडावर, ठेवला. ऊन चांगलंच चढलं होतं. घाटाच्या पायऱ्या चटके देत होत्या.

"गार आहे," रुची दचकून म्हणाली. "एकदम गार."

"म्हणजे आत ओल आहे. मग नाही," काकू म्हणाल्या, आणि त्यांनी आपलाही तळहात तिच्या हाताशेजारी टेकवला.